किल्ल्यातली मारी

१५ एप्रिल २००६, शनिवार

हिवाळ्यानंतर आमचं किल्ल्यातलं म्युझियम उघडलं! हिवाळाभर पेटीत पडलेला मारीचा घागरा काढला, जुन्या काळी इथं राहिलेल्या त्या बाईचं सोंग मी पाहुण्यांपुढे करते — कंबरेत घट्ट. संजीव हसला. ऋषी म्हणतो, "सो एम्बॅरसिंग, आई!" पाच वर्षांपूर्वी हाच पोरगा माझं बोट धरून यायचा. संजीवशी लग्न करून अमेरिकेत आले, पण डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, रेडमंडच्या पावसात घरी बसून वेड लागलं असतं. इथं फुकट काम करायला कुणाची ना नव्हती.

तेव्हा पहिल्यांदा बघून म्हटलं होतं, याला किल्ला म्हणतात? ओंडक्यांचं कुंपण नुसतं! आता परकं वाटत नाही.

६ मे, शनिवार

शाळेची बस आली. नेहमीसारखं चुलीशी बसून सांगितलं — मी मारी, इथल्या लोहाराची बायको. माझी माणसं गोरे यायच्या आधीपासून याच खाडीकाठची. कातड्यांच्या व्यापाराला इंग्रजांची कंपनी आली, तिनं हा किल्ला बांधला. पुढे सरहद्द ठरली, जागा अमेरिकेकडे गेली. कंपनी उत्तरेला, कॅनडाकडे निघाली, नवराही. मी पोरांना घेऊन इथंच राहिले.

पोरं गेली. बाकावरच्या म्हाताऱ्या बाई मात्र हलेनात. डोळे पुसत होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मारी माझ्या आजीची आजी."



७ मे

कशात लक्ष नाही. कोण मी? नागपूरची प्रतिमा — आणि त्यांची आजी होऊन मिरवते! संजीव म्हणतो, "इतकं काय मनाला लावून घेतेस यार?"

२० मे, शनिवार

त्या परत आल्या. नाव डोरिस. मी आधी सॉरी म्हणून टाकलं.

"सॉरी कशाला? तू चुलीशी बसतेस ना, एक गुडघा वर करून, त्यावर हात टेकून — माझी आजी अश्शीच बसायची. लहानपणानंतर थेट इथंच पाहिलं."

मी म्हटलं, "ही माझ्या आईची बसायची पद्धत."

आई अशीच बसून भाकरी थापायची. पापण्यांवर पीठ. मध्येच चटका बसला की बोट कानाच्या पाळीला लावायची. ती गेली तेव्हा व्हिसाच्या घोळात मला जाता आलं नाही. हे सगळं डोरिसना सांगितलं — कसं काय, कोण जाणे! त्या त्यांच्या आजीचं सांगत होत्या, मी आईचं. चुलीवरचा ब्रेड पार करपला.

३ जून, शनिवार

मारी हे पाद्र्यानं ठेवलेलं नाव. खरं नाव वेगळंच! डोरिसच्या घराबाहेर ते कुणाला सांगत नाहीत. आज माझ्या कानात सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. इथं लिहिणार नाही.

घागरा परत केला. 'मी मारी' असं आता माझ्या तोंडून निघायचं नाही. पुढच्या शनिवारी चुलीशी डोरिस बसतील — गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर. मी लाकडं आणून देईन.