माझा पेपर वाचणारी

१६ जून
आलं शेवटी माझ्याच गळ्यात! कॉलेजला यंदा संशोधनासाठी एकच डेटाबेस घेता येणार. दोन चाचणीला आलेत. एक मोठा, नावाजलेला, निवडक जर्नल्सचा. दुसरा अघळपघळ — लहान कॉलेजांची जर्नल्ससुद्धा त्यात. कुठला घ्यावा, ते मी लिहून द्यायचं. शेषाद्री सर, आमचे विभागप्रमुख, म्हणाले, "तुम्हाला वेळ असतो ना, मॅडम!"
असतो. इथे तमिळ मुलखात, अण्णा नगरच्या फ्लॅटवर कोण वाट बघतंय?

२२ जून, रविवार
दिवसभरात एकच शब्द बोलले. इडलीवाल्याला — "पार्सल."

२४ जून
आमची तरुण ग्रंथपाल अंबुजा म्हणाली, "ओळखीचा एखादा पेपर टाकून बघा. त्याचा संदर्भ कुणीकुणी दिलाय, ते कुठे नीट सापडतं?"
मला पाठ असलेला पेपर एकच — माझा. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांजवळच्या विहिरींचं पाणी. दोन उन्हाळे बाटल्या घेऊन हिंडले होते.
मोठ्या डेटाबेसात संदर्भ शून्य. माहीत होतं. तरी पुन्हा एकदा शोधून पाहिलं.
दुसऱ्यात चार!

२५ जून
चारातला एक दोनदा नोंदलाय. म्हणजे तीनच. पण तिन्ही एकाच बाईचे! हरिणी — तंजावूरजवळच्या छोट्या कॉलेजात शिकवते. माझीच पद्धत घेऊन तिच्याकडच्या विहिरी तपासल्यात. वर माझी चूकही दाखवलीय. नमुने उन्हात ठेवायला नको होते. बरोबर आहे तिचं!
मला वाटायचं, तो पेपर कुणी उघडलासुद्धा नसेल.
तिला इंग्रजीत मेल टाकला. फारच लांबला. पाठवून झाल्यावर लाज वाटली.

२ जुलै
उत्तर नाही.

४ जुलै
अहवाल दिला — दुसरा घ्या.
शेषाद्री सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यात तुमचा पेपर दिसतो म्हणून?"
"मुलांचे विषयही टाकून पाहिले, सर. आपल्या भागातल्या पाण्यावर, मातीवर झालेलं काम त्यातच सापडतं. दुबार नोंदी आहेत, त्या मी निस्तरीन."
"रँकिंगला मोठाच लागतो, मॅडम."
मोठाच घेतला. मग मला विचारलंत कशाला! घरी येऊन भात लावला. जेवले नाही.

७ जुलै
हरिणीचं उत्तर! पण सगळं तमिळ अक्षरांत. इतक्या वर्षांत मोडकंतोडकं बोलायला शिकले, वाचायला नाही. अंबुजाकडे नेलं. ती मोठ्याने वाचायला लागली आणि अडखळली. "मॅडम, हे तमिळ नाही. अक्षरं आमची, पण शब्द भलतेच."
"तरी वाच." ती एकेक अक्षर जुळवत वाचत गेली —
"अक्का, जगदाळे म्हणजे तुम्ही मराठी, नव्हे? आम्हीपण मराठीच. घरात बोलतो. लिहायला मात्र हीच अक्षरं येतात. पाण्याचं राहू द्या. एकदा घरी जेवायला या की…"
अंबुजाला काही कळेना. मला मात्र शब्दन् शब्द कळत होता.
मग म्हटलं, "पुन्हा वाच."