मंडलाला ठेवलेली वाट

मामंजी,

तुमच्यासमोर मी कधी बसून बोलले नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर पदर, अर्धी आत अर्धी बाहेर, असंच आपलं सगळं बोलणं झालं. आता सत्तरी उलटली, गुडघे माझं ऐकेनासे झाले, तेव्हा म्हटलं, खुर्चीवर बसून लिहिलं तरी तुम्ही काही म्हणणार नाही. आज मंगला गौरीच्या देवळात गेले होते. गल्लीच्या तोंडाशी नवं दुकान लागलंय, बाहेर टी-शर्ट टांगलेले. कुणावर ॐ, कुणावर महादेव चिलीम ओढतोय, एकावर तर गणपतीच्या कानाला हेडफोन. दुकानदाराला विचारलं, ये सब कौन बनाता है? तो म्हणाला, माल दिल्लीसे आता है अम्मा, कोई नहीं बनाता. कोई नहीं बनाता! पायऱ्या चढताना मला हसूच येत होतं, कारण आपल्या घरात एका टी-शर्टापायी काय काय झालं, ते मला आणि तुम्हालाच ठाऊक.

मी या घरात आले तेव्हा मला चौथीपर्यंतचं लिहिणं-वाचणं आणि रांगोळी येत होती. बाकीचं सगळं इथल्या कोपऱ्यांतून ऐकत, बघत शिकले. महाराष्ट्रातून काशीला आलेली मंडळी आपल्या ओसरीवर पूजा करून घेत, आणि मोठी पूजा असली की चौरंगावर तुम्ही सर्वतोभद्र मंडल भरत असा. लहान लहान चौकोनी घरं, प्रत्येकात रंगवलेले तांदूळ, मधोमध कमळ, आणि सगळ्याला बाहेरून पांढरी, तांबडी, काळी अशी तीन रेघांची कुंपणं. मग तुमचे हात कापायला लागले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एका पूजेला तांबड्याच्या घरात काळे पडले. यजमानांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. दुसऱ्या दिवशी म्हणालात, सूनबाई, उद्यापासून आंघोळ करून सोवळ्यात ये, बोटं तुझी, तोंड माझं. तुम्ही एकेका देवतेचं नाव घ्यायचं, शेवटी ‘आवाहयामि’ म्हणायचं, म्हणजे त्याला बोलावतो, ये आणि बैस, आणि मी त्या घरात चिमूट सोडायची. माझं शिक्षण असं झालं. नुसती घरं मोजायला गेले की चुकायची, नाव तोंडात आलं की बोट आपोआप जागेवर जायचं. माहेरी आईला रडताना पाहिलं की आम्हा पोरींच्या डोळ्यांत कारण माहीत नसताना पाणी यायचं, तसंच काहीसं ते. बोट आणि जीभ एकत्रच शिकली, आणि पुढे तीच गोष्ट अंगाशी आली.

गल्लीत घरोघरी केबल टीव्हीच्या तारा लोंबायला लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. वरच्या कमऱ्यात तो जपानी दर हिवाळ्याला येऊन राहायचा. त्याच्या गावी मुलांना चित्रकला शिकवायचा म्हणे. इथे सकाळी घाटावर बसायचा आणि दुपारी तुमच्याशी गप्पा मारायला उतरायचा, मोडक्या हिंदीत. तुमचं हिंदी बनारसी, त्याचं टोकियोचं, आणि तरी तुमचं दोघांचं इतकं जमायचं की हे म्हणायचे, बाबांना मुलगा मिळाला, आम्ही किरायेदार. एके दिवशी त्यानं शाईत मोठा ब्रश बुडवून एका दमात कागदावर गोल काढला. गोल पुरा झालाच नाही, शेवटाला थोडी जागा उघडीच राहिली. मी चौकटीतून म्हटलं, भैयाजी, राहिलं की थोडं. तो हसला. त्यांच्याकडे म्हणे एका श्वासात जसा निघेल तसा गोल काढतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. वेडावाकडा झाला तर ती त्या दिवसाची खूण. उघडा ठेवायचा तो अशासाठी, की पुरं झालेलं काही जगात नसतं, आणि जिथे जागा असते तिथूनच काही येतं-जातं. मला सगळं कळलं असं नाही. पण रात्री भाकऱ्या थापताना त्या उघड्या जागेचाच विचार डोक्यात फिरत होता, आणि एक भाकरी करपली.

आठवडाभरात मी त्याला कागदावर एक नक्षी काढून दाखवली. मध्ये आपलं कमळ, भोवती मंडलाची घरं, काही भरलेली, काही मुद्दाम रिकामी, आणि तीन रेघांच्या कुंपणाऐवजी बाहेरून त्याचा तो एका दमाचा गोल, वरच्या बाजूला उघडा. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, भाभीजी, हे टी-शर्टवर छापा. चौकात लग्नपत्रिका छापणारा माणूस कापडावरही छापून देईल, मी माझ्या देशात मित्रांसाठी नेईन. मला कुणी कधी असं म्हटलं नव्हतं. रांगोळी छान, पुरण छान, हे ऐकलं होतं. पण हे माझ्या डोक्यातून निघालं होतं, आणि लांबून आलेला एक माणूस ते अंगावर घालून फिरणार होता. मला ते फार हवं होतं, मामंजी. तुमच्याजवळ ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

यांनी ऐकलं आणि पेपरातून मान न काढता म्हणाले, “घ्या. पाच पिढ्या देवाला चौरंगावर बसवलं, आता बनियनवर बसवा.” तुम्ही खाटेवर पडला होतात. तुम्ही रागावला नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. हळू आवाजात म्हणालात,

“कपडा घामेजतो, सूनबाई. मळतो. मग तो धुवायचा, पिळायचा. देवाला पिळणार का तू?”

मी कागद उचलला आणि डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला. विषय संपला. पण जपानी संपवू देईना. तो रोज तुमच्या उशाशी बसून तुमच्याशी वाद घालायचा. वादसुद्धा कसला, प्रश्न विचारायचा. पूजा झाल्यावर मंडलाचं काय करता? तुम्ही सांगितलंत, अक्षता टाकून देवांना निरोप द्यायचा, मग तांदूळ गोळा करून गंगेत. त्यानं विचारलं, तेव्हा वाईट नाही वाटत? तुम्ही म्हणालात, अरे, निरोप दिला की ते तांदूळच. आणि बोलावण्याआधी? तेव्हाही तांदूळच. हे म्हणालात आणि तुमचे तुम्हीच थांबलात. मी चौकटीत उभी होते. मग तुम्ही माझ्याकडे तोंड करून म्हणालात, बोलावलं नाही तर ती नक्षीच. काढ. पण तोंडानं काही म्हणायचं नाही.

छपाईवाल्याला पातळ कागदावर काळ्या शाईत पक्कं चित्र हवं होतं. दुपारी ओटा धुऊन पुसून, पाटावर कागद चिकटवून मी बसले. कमळ झालं, गोल एका दमात मारला, चांगला आला. घरं भरायला लागले. दुपारची वेळ, खाली गल्लीत भाजीवाला ओरडतोय, चुलीवर दूध मंद तापतंय, माझं बोट चाललंय. किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटचं घर भरून मान वर केली तर बाहेरून तुमचा आवाज आला.

“कोणाकोणाला बोलावलंस?”

मी म्हटलं, कुणालाच नाही, मामंजी, टी-शर्टाचं काढतेय.

“डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना बोलावलंस. एकही सोडला नाहीस.”

नावाशिवाय माझ्या बोटाला घर सापडत नाही हे मी विसरले होते, आणि तुम्हीच तर मला तसं शिकवलं होतंत. मी म्हटलं, फाडून टाकते. तुम्ही एकदम उठून बसलात. बोलावलेल्या पाहुण्याच्या अंगावर दार लावतेस? आता ते आलेत, बसलेत. उद्या सकाळी त्यांची पूजा होईल, नैवेद्य होईल, मान देऊन निरोप होईल, आणि मगच तो कागद उंबऱ्याबाहेर जाईल. यांना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, छपाईच्या कागदाची पूजा ऐकली नव्हती, आणि सकाळी नेहमीच्या आधीच बँकेत निघून गेले.

सकाळी मी साखरभात केला. जपानी आंघोळ करून, यांचं जुनं धोतर कसंबसं गुंडाळून, एका हातानं ते धरूनच बसला. तुम्ही कित्येक महिन्यांनी पूजेला बसत होतात, तुमच्या पाठीला मी लोड दिला. कागद चौरंगावर ठेवला. तुम्ही म्हणालात, मला दाखव. मी तुमचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुमचं बोट रेघेवरून फिरवलं, कमळावरून, घरांवरून, मग बाहेरच्या गोलावरून. एका जागी मी थांबले. तुम्ही विचारलंत, का थांबलीस, पुसलं का? मी म्हटलं, नाही, रेघ इथे सोडलीय. कोणत्या दिशेला? वर, शर्टाच्या गळ्याकडे, चौरंगावर उत्तर येते. तुम्ही बोट तिथेच ठेवून म्हणालात,

“बरं केलंस. तांदळाच्या मंडलात वाट ठेवावी लागत नाही, ते मोडतंच. कापड राहतं. देवांना जायला वाट हवी.”

मग संकल्पाची वेळ आली. पूजा कोण करतो, त्याचं नाव आणि गोत्र आधी घ्यावं लागतं. घरचा पुरुष बँकेत. तुम्ही जपान्याला गमतीनं विचारलंत, तुझं गोत्र काय रे? तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, तुम्ही यांचंच नाव घ्याल, नसले तरी चालतं. बायको नुसती हाताला हात लावून बसते, हेच मी पाहत आले होते. तुम्ही म्हणालात, सूनबाई, पाणी घे हातात. आणि संकल्पात माझं नाव घेतलंत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं, तुम्हीच निवडलेलं ते नाव. त्या दिवसानंतर तुमच्या तोंडून मी कायम सूनबाईच होते. मला वाटायचं, तुम्ही ते विसरला असाल. हिनं स्वतःच्या बुद्धीनं रचलेल्या या मंडलावर ही पूजा होते आहे, असं म्हणून तुम्ही ते नाव पुरं, स्पष्ट, गोत्रासकट उच्चारलंत. पाणी माझ्या हातातून ताम्हनात पडलं.

पूजा झाली. शेवटी निरोपाच्या अक्षता टाकून तुम्ही कागद जरासा हलवलात, उत्तरेकडे. दुपारी जपानी तो कागद छपाईवाल्याकडे घेऊन गेला. शर्ट छापून आले, पांढऱ्यावर काळं. त्यातला एक मी तुमच्या हातात दिला. तुम्ही कापड चाचपलंत आणि म्हणालात, मऊ आहे. चैत्र लागायच्या आधी तुम्ही गेलात. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर बायका जात नाहीत, मी ओसरीवर बसून राहिले. पुढच्या हिवाळ्यात जपानी आला तेव्हा त्याच्या अंगात तोच शर्ट होता, धुऊन धुऊन विटलेला, काळ्याचं राखाडी झालेलं. रिकाम्या खाटेकडे बघून तो तसाच जमिनीवर बसला. मी चहा दिला.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्याकडे डाक जात नाही, आणि घरातल्या कुणी वाचलं तर म्हणतील, म्हातारीला काम नाही. तेव्हा राहू दे इथेच. पण ज्यासाठी बसले ते सांगून टाकते. त्या दिवशी पूजा आटोपल्यावर तुम्ही दमून आडवे झाला होतात. अलीकडे मंत्रांचा क्रम विसरायला होतो म्हणून तुम्हाला धास्ती होती, आणि घरात तो क्रम जाणणारी दुसरी मीच. तुम्ही विचारलंत, सूनबाई, लक्ष होतं ना तुझं? निरोपात काही राहिलं तर नाही? आणि मी छातीवर हात ठेवून म्हटलं, काही राहिलं नाही, मामंजी, सगळं यथासांग झालं. तुम्ही सुखानं डोळे मिटलेत.

मला काय माहीत, मामंजी. तुम्ही माझं नाव घेतलंत, त्यानंतरचं एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं.