चष्म्यासकट पाहायची दुर्बीण

अप्पा, आज एग्मोरला स्टेशनसमोरच्या दुकानात गेलो होतो, स्कोप घ्यायला. तुम्ही त्याला 'मोठी दुर्बीण' म्हणायचात, ट्रायपॉडवर उभी करून एका डोळ्याने पाहायची ती. माझी जुनी माळ्यावर पडून आहे, इथल्या दमट हवेने तिच्या भिंगांना बुरशी धरली. नवी घ्यायची असं वर्षभर घोकतो आहे, पण सिरुसेरीच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही आणि रविवारी उठवत नाही. दिवसभर स्क्रीनकडे पाहून पाहून मलाही चष्मा लागलाय, तुमच्यासारखाच जाड. शेवटी आज रजा टाकली. एका दुकानात जायचं आणि एक वस्तू निवडायची, हल्ली एवढ्याचाही शीण येतो.

दुकानदार साधारण माझ्याच वयाचा, बोलका. त्याने तीन स्कोप दारात मांडले आणि समोर स्टेशनच्या घुमटावर बसलेली कबुतरं बघा म्हणाला. सरळ नळीचा हवा की तिरक्या नळीचा, मान धरते का, बरोबर कुणी असतं का, असं काय काय विचारत राहिला. बरोबर कुणी नसतं, म्हटलं. मग वाकून पाहिलं, तर सगळीकडे काळोख आणि मधे बटणाएवढा उजेड, त्यातून कबूतर सारखं निसटतंय. दुसऱ्याला डोळा लावला, तिसऱ्याला लावला, तीच गत. मनात म्हटलं, झालं, डोळे जायची आता आपलीही पाळी आली. आणि तोंडाने म्हणालो, "दिसलं." तो हसला. "सार, कण्णाडी आहे ना तुम्हाला?" माझ्या चष्म्याकडे बोट करत त्याने तमिळमध्ये विचारलं आणि डोळ्यापाशी असलेली रबरी कड फिरवून खाली बसवली. "चष्मेवाल्यांनी ही खाली करायची. वर राहिली की डोळा लांब पडतो, मग कितीही चांगले डोळे असोत, काही दिसत नाही. आता बघा." मी पाहिलं. अख्खा घुमट दिसला, कबुतराच्या मानेवरचा हिरवा-जांभळा रंग दिसला, त्याचा लालसर डोळा दिसला. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि त्याच्याकडे पाणी मागितलं.

पळ्ळिकरणैची ती सकाळ. नव्या नोकरीच्या ऐटीत घेतलेली मोठी दुर्बीण दाखवायला मी तुम्हाला दलदलीपाशी घेऊन गेलो आहे. खरं तर पक्षी मला शिकवले तुम्ही. ऑफिसला जायच्या आधी अड्यारच्या खाडीवर नेऊन, हातात काही नसताना, नुसत्या उडण्याच्या ढबीवरून ओळखायला लावायचात. आणि आता लांब पाण्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उतरलाय, तुम्ही त्यांना पूनारै म्हणताय, आणि मी तुम्हाला पाहायला शिकवतोय. मला तेव्हा चष्मा नव्हता. रबरी कड खोक्यातून निघाली तशीच वर आहे, आणि सोबतची माहितीपुस्तिका मी उघडलेलीही नाही. तुम्ही वाकता. "काळंच दिसतंय रे," म्हणता. तुमचा हात फोकसच्या चाकाकडे जातो आणि मी ओरडतो, "हात लावू नका, हलेल!" तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधता आणि पुन्हा वाकता. मागे दोघंतिघं अनोळखी लोक आपल्यालाही दुर्बिणीतून पाहायला मिळेल म्हणून थांबलेत. मला त्यांची लाज वाटते. "अहो, समोर एवढे पक्षी आहेत! डोळे तपासून घ्या, नाहीतर घरी बसा." सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही सरळ उभे राहिलात. "दिसले रे," म्हणालात, "अस्के दिसले. पोदुम्." आपल्या तंजावरी मराठीतलं ते 'अस्के'. सगळे दिसले, पुरे. मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बाजूला झालात.

पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत, नंबरही बरोबर आहे. घरी येताना मी म्हणालो, डॉक्टरला काय कळतंय. त्यानंतरच्या रविवारी बूट घालताना तुम्हाला हाक मारली, तर स्वयंपाकघरातूनच म्हणालात, "तू जा. गुडघे दुखतात." पण त्याच गुडघ्यांनी तुम्ही पुढे कितीतरी वर्षं एकटे खाडीवर चालत जात होतात. मी कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर तुमची पक्ष्यांची वही माझ्याकडे आली. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं, हा तुमचा नियम. मी लहानपणी एकदा न पाहिलेला धीवर पक्षी लिहिला होता, तेव्हा ती ओळ तुम्ही माझ्याकडून खोडून घेतली होतीत. आज दुकानातून आल्यावर त्या दिवसाचं पान शोधलं. वंचक, शेकाटे, जांभळी पाणकोंबडी, सगळं तुमच्या नेटक्या मराठी अक्षरात आहे. शेवटी लिहिलंय, "रोहित. मुलाने पाहिले." एवढंच. माझ्याविषयी एक कडू शब्द नाही. खूप वाईट वाटलं अप्पा. रागावला असतात तर बरं झालं असतं.

स्कोप घेतला. दुसऱ्या एकाचं भिंग जास्त स्वच्छ होतं, दुकानदाराने दोनदा सांगितलं. पण चष्म्यासकट सगळ्यात मोठं वर्तुळ ज्यात दिसलं तो मी उचलला. तिरक्या नळीचा आहे, तुमच्या उंचीच्या माणसाला तितकं वाकावं लागणार नाही. तो अजून खोक्यातच आहे. रविवारी जमलं तर पळ्ळिकरणैला जाईन.

हे पत्र वहीत त्याच पानाशी ठेवतो. माझी मुलगी तमिळ वाचते, इंग्रजी वाचते, हे वाचणारं आता घरात कुणी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. गुडघे दुखतात म्हणालात तेव्हा ते खोटं आहे हे मला कळलं होतं, अप्पा. आणि मला हायसं वाटलं होतं.