बाई ऐकतात तेव्हा

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळी दवाखान्यात मी मुद्दाम ट्रे पाडला. स्टीलचा. आधी रिकामा करून घेतला होता. डॉक्टरबाई एका तान्ह्या मुलीची छाती तपासत होत्या, माझ्याकडं त्यांची पाठ. ट्रे फरशीवर आदळला तशी पोर दचकून रडायला लागली, तिची आई उठूनच उभी राहिली. बाहेर बाकावर कुणीतरी "अगं बया!" म्हणालं. बाईंची मान हलली नाही. कानात नळी घालून, डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे उघडल्यावर पोरगी रडताना दिसली, तेव्हा म्हणाल्या, "हिला काय झालं एकाएकी?"

दिवाळीपासून संशय होता. आता खात्री झाली.

जुम्म्याला गेलो. नमाजेत लक्ष नव्हतं. बाईंनी वळून मला चार शब्द सुनावले असते तर किती बरं झालं असतं.

२२, शनि.

पेशंट कमी. बाई चहा पिता पिता जुन्या गोष्टी काढून बसल्या. इतक्या वर्षांत मला पाठ झाल्यात, तरी ऐकल्या.

पुण्याहून शिकून जुन्नरला आल्या तेव्हा लहान मुलांचा वेगळा डॉक्टर असतो हेच इथं कुणाला माहीत नव्हतं. त्यात बाईमाणूस. लोक म्हणायचे, "पोराला डागदर कशाला, आय हाय की." दवाखान्यात माशासुद्धा यायच्या नाहीत. मग ज्या घरी बाळंतीण असेल तिथं पाचवीच्या पूजेला जायला लागल्या. टोपडं घेऊन, पाहुणीसारख्या. पूजेला आलेल्या बाईला कोण अडवणार? बायकांची गाणी चालू असायची. बाई हात वर करायच्या, सगळ्या गप्प, आणि बाळाच्या छातीला नळी लागायची. म्हाताऱ्यांनी त्याचा आपलाच अर्थ लावला. सटवाई त्या दिवशी बाळाचं नशीब लिहिते, ते बाईंना ऐकू येतं.

"मी म्हटलं, समजू दे काय समजायचं ते. बाळ तर तपासून होतंय." बाई अजून हसतात हे सांगताना. पुढं पुढं पोराच्या पोटावर तापल्या सळीनं डाग द्यायला निघालेल्या सासवा आधी बाईंना विचारायला यायला लागल्या. मग डाग द्यायच्याच थांबल्या. हे काम कुठल्या सरकारनं केलं असतं?

ती रीत आजही आहे. बाईंनी हात वर केला की दवाखाना गप्प. पायरीवरचे लोक गप्प. समोरचा गॅरेजवालासुद्धा हातोडा खाली ठेवतो. आमच्या मशिदीतही एवढी शांतता नसते.

आणि त्या शांततेत आता बाईंना काही ऐकू येत नाही. समोरचा माणूस बोलतो ते त्या ओठांवरून ओळखतात. छातीला ओठ नसतात.

संध्याकाळी दोघी बाहेर बोलत होत्या. "बाई आता लई येळ ऐकत्यात गं. आधी एवढ्या न्हवत्या ऐकत."
"मंग? वय झालं तसा हाताचा गुण वाढलाय. पुण्याचं डॉक्टर नुसतं टेकवत्यात अन् सोडत्यात."

२४, सोम.

एक सोंग करून बघितलं. बाईंना म्हटलं, मला हल्ली कमी ऐकू येतंय, नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडं जायचंय, तुम्ही सोबत चला, मला त्यांचं काही कळणार नाही. मनात असं, की तिथं गेल्यावर त्यांचाही कान बघा म्हणेन.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं. कान ओढून आत बॅटरी मारली. दोन्ही कानांत. "मळसुद्धा नाही. बायकोचं ऐकायचं नसेल तर तसं सांग की सरळ."

हसलो. काय करणार?

नंतर हात धूत असताना त्या माझ्याकडं बघत राहिल्या. कळलं असेल का? कळलं असेल तर...

२७, गुरु.

ओतूरकडच्या वस्तीवरून सासू-सून आल्या. बाळ अजून बारशाचंही नाही. सून म्हणाली, दूध ओढत न्हाई, रडतंय पण आवाज निघत न्हाई. सासू तिला, "तू गप, बाईंना बगू दे." बाईंनी हात वर केला.

फार वेळ ऐकलं. पुढून, मग पालथं घेऊन मागून. पुन्हा पुढून. मला वाटलं आता म्हणतील, नारायणगावला न्या. म्हणाल्या, "छाती साफ आहे. सर्दी आहे साधी." नाकात घालायचे थेंब लिहिले.

मी थेंबांची बाटली काढून दिली. सून माझ्याकडं बघत होती. तोंडाशी आलेलं गिळलं. मी कोण? दहावी शिकलेला कंपाउंडर. बाईंना खोटं पाडू, तेही पेशंटसमोर? दोघी रिक्षात बसेपर्यंत दारात उभा राहिलो. हात केला फक्त.

२८, शुक्र.

त्या सासूचा फोन. पहाटे पोराचे ओठ निळे पडले. नारायणगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. निमोनिया, दोन्ही बाजूंनी. ऑक्सिजनवर आहे.

मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "भाऊ, बाईंनी किती येळ ऐकलं व्हतं! एवढं कुनी ऐकतं का? आमच्याच नशिबात नसंल." मग हळूच, "बाईंना सांगू नगा. त्यांच्या जिवाला लागंल."

मागं सून रडत होती. फोन ठेवल्यावरही ते रडणं कानात राहिलं.

३०, रवि.

ना.गावला जाऊन आलो. बाळाला काचेतून बघितलं. छातीचा भाता चाललाय नुसता. नाकाला नळी. सासू बाहेर जमिनीवर बसलेली, डबा उघडला नव्हता तिनं. मला म्हणाली, "बाई कशा हायेत?"

बऱ्या आहेत म्हणालो. येताना एसटीत रुमाल तोंडावर धरून बसलो.

माझ्या दोन्ही मुली झाल्या तेव्हाचं आठवत होतं. बाई तपासायला आल्या, पण नळी लावली नाही. म्हणाल्या, "आधी तू कानात अजान म्हण. मी थांबते." मी म्हणेपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटीच्या छातीत काही तरी ऐकू आलं त्यांना, हृदयात छोटं छिद्र. तिथं दुसऱ्या कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं. आज धाकटी कॉलेजात पळण्याच्या शर्यतीत धावते.

त्या बाईंचा दवाखाना मी कसा बंद करू?

घरी बायकोला, रेहानाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "आजवर ते ओझं बाईंचं होतं. गुरुवारपासून तुमचंसुद्धा आहे."

१ डिसेंबर, सोम.

दवाखान्यात खोकल्याची रांग. थंडी वाढलीय. तिघांना मी परस्पर सांगितलं, आज बाईंना बरं नाही, ना.गावला दाखवा. एकानं ऐकलं. बाकीचे बसून राहिले. "बाईंना बरं वाटंस्तवर थांबतो की. घाई न्हाई."

या अल्ला, हे लोक इतके चांगले का आहेत?

३, बुध.

आज दार लावून बाईंच्या समोर बसलो. ओतूरच्या बाळाचं सांगितलं. सगळं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "मी ऐकलं होतं. साफ होती."

"बाई, तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला सर्दी आहे. कान दडलेत दोन दिवस."

"दिवाळीपासून."

उठल्या. टेबलावरचे कागद सारखे केले. "मी बंद केलं तर ही पोरं कुठं जातील? शिनोलीच्या पुढच्या वाड्यांतले लोक कुणाकडं जातील? ते दुसऱ्या कुणाकडं जातच नाहीत, इस्माईल."

"म्हणूनच तर, बाई."

त्यांनी बेल दाबली. "पुढचा पेशंट पाठव." मी पाठवला. हो, पाठवला.

४, गुरु.

बाळ तसंच आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत. पहाटे फजरच्या नमाजेनंतर बराच वेळ हात पसरून बसलो. काय मागायचं तेच ठरेना. बाळाचा जीव मागावा, की माझ्या जिभेला बळ? इमामसाहेबांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" हो म्हणालो.

बाईंच्या तोंडावर सांगून झालं. आता एकच उरलं. ते केलं तर बाई मला परत उंबऱ्यावर उभं करणार नाहीत. लोकही करणार नाहीत. आणि नाही केलं तर उद्या कुणाचं बाळ?

रेहाना म्हणाली, "काहीतरी खाऊन घ्या."

५, शुक्र.

केलं.

दवाखाना भरलेला. निरगुडसरची एक लेकुरवाळी आत होती, खोकणारं पोर मांडीवर. दार मी उघडंच ठेवलं होतं. बाईंनी हात वर केला. बाहेरची कुजबुज थांबली. समोरचा हातोडाही. बाईंनी डोळे मिटले.

मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो. पायरीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. "बाईंना ऐकू येत नाही. कितीतरी दिवसांपासून येत नाही. पोरं दुसरीकडं न्या."

सगळ्यांनी ऐकलं. बाकावरचा एक म्हातारा उभा राहिला आणि तसाच उभा. पोराची आई माझ्याकडं बघत होती, मग बाईंकडं. बाई ऐकतच होत्या. नळी थोडी खाली सरकवली, पुन्हा थांबल्या.

मग त्या आईनं पोराला हळूच छातीशी ओढलं. नळी सुटली. बाईंनी डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, दारातल्या माणसांकडं बघितलं, आणि वळल्या.

मी गुडघ्यावर बसलो, त्यांना माझं तोंड नीट दिसेल असं, आणि तेच पुन्हा सांगितलं. सावकाश.

बाईंनी नळी कानातून काढली नाही. माझ्या ओठांकडं बघत राहिल्या.