दोन हात अंतर

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (वाकता येतं, मान तेवढी वळत नाही. कारण खाली येईल.) गुडघे काय म्हणतात? आतोबा सांगत होते, मेट्रनच्या खुर्चीवरून उतरून इतकी वर्षं झाली तरी तू घरच्या चादरींचे कोपरे तपासतेस. म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. माझी तू विचारण्याआधी मीच सांगते.

गेल्या महिन्यात एका पेशंटच्या मुलानं सलाईनचा स्टँड उचलून माझ्या मानेवर हाणला. माझा अपराध एवढाच, की वडिलांचं ऑपरेशन तासाभरावर आलं होतं आणि मी त्यांना पाणी पिऊ दिलं नाही. मानेला पट्टा लागला. आता आमच्या अधीक्षकांनी काय करावं? पोलिसांत जावं? छे! त्यांनी मला प्रशिक्षणाला पाठवलं, हिंसक पेशंट आणि नातेवाईक कसे हाताळावेत ते शिकायला. मारणारा घरी आणि मार खाणारी वर्गात! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला निघाली, पण वाटेत पट्टा असल्यामुळे मानेतच अडकली. अजून तिथेच आहे.

प्रशिक्षक म्हणजे कडक इस्त्रीतले एक गृहस्थ, वॉर्ड फक्त पडद्यावरच्या चित्रांत पाहिलेले. त्यांचा पहिला नियम, चिडलेल्या माणसापासून दोन हात अंतर ठेवा. आत्या, आमच्या वॉर्डात दोन खाटांच्या मधून मी तिरकी होऊन जाते. दोन हात अंतर ठेवायचं तर शेजारच्या पेशंटच्या पोटावर बसावं लागेल. नंतर म्हणाले, नेहमी दाराजवळ उभं राहा. (दाराजवळ ऑक्सिजनचे सिलिंडर आहेत. त्यांना मात्र साखळीनं बांधून जपलंय.) आणि काही झालं तरी 'शांत व्हा' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, त्यानं माणूस जास्त भडकतो. हे मी वहीत लिहून घेतलं.

मग नाटुकलं. आम्ही एकेकीनं भडकलेला नातेवाईक व्हायचं आणि प्रशिक्षक सिस्टर होणार. माझ्या आधीच्या तिघींना धड ओरडताही येईना. एकीनं तर ओरडून झाल्यावर त्यांना बसायला खुर्ची दिली. मग माझी पाळी. देवाशपथ सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि अठरा वर्षांत जे मुकाट ऐकून घेतलं ते सगळं बाहेर पडलं. तुझ्या बापाचं हॉस्पिटल आहे का, तुझी नोकरीच घालवतो, बाहेर भेट मग दाखवतो (आणि बरंच काही, जे तुला लिहायला लाज वाटते). टेबलावर हात आपटला तर पाण्याचा जग आडवा. प्रशिक्षक दोन हात मागे सरले, मग चार हात, आणि शेवटी फळ्याला पाठ लावून म्हणाले, "ताई, शांत व्हा!" मी म्हटलं, सर, हे शब्द काढायचे नाहीत. वर्ग खो खो हसला. ते नाही हसले.

त्यांनी अहवालात लिहिलं, "स्वभाव आक्रमक. नातेवाइकांना चिथावणी मिळण्याचा संभव." अधीक्षकांना आयतंच कोलीत मिळालं. गुरुवारी चौकशी समिती आहे. 'चुकून धक्का लागला' असं लिहून सही केली तर प्रकरण मिटेल, नाहीतर दोष माझ्या नावावर चढेल. मी सही करणार नाही. इतका संताप आलाय की घरी कढई जरा जोरात ठेवली तरी लेक विचारते, "आई, आज कुणावर?"

आतोबांना नमस्कार, तुला पुन्हा एकदा.

तुझी भाची

ता. क. समितीपुढे सोबत एकाला आणता येतं. वॉर्डातली एकही सिस्टर तयार नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. तू येशील? समितीतले दोघं तुझ्या हाताखाली घडलेत.

ता. क. आणि नुसती बसू नकोस, बोल. मी शाळेत होते तेव्हा तू ड्यूटीवरून हाताला प्लास्टर घालून घरी आली होतीस. वॉर्डाच्या न्हाणीघरात पडले म्हणालीस, आम्हाला पटलं. तुझा तो एक्स-रे परवा बाबांच्या कपाटात सापडला. आत्या, मी रोज हाडं बघते. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. तुझं मनगट आणि कोपर यांच्या मधोमध मोडलंय, करंगळीच्या बाजूचं हाड. डोकं वाचवायला हात आडवा धरणाऱ्याचं तसं मोडतं. कोण होता ते मला सांगू नकोस. गुरुवारी त्यांना सांग.