यारीवर उद्या मुकादम

हे मृत्युपत्र मी परवाच लिहायला घेणार होतो. पण परवा संध्याकाळी निरवांगीला कुस्त्या होत्या, काल दौतीतली शाई वाळलेली निघाली, आणि आज कागद आणायला गेलो तो अप्पांच्या हाटेलात भज्यांचा घाणा उतरेपर्यंत बसून राहिलो. आता ऊन कललं आहे आणि उद्या विहिरीत उतरायचं आहे, तेव्हा आणखी टाळता येत नाही.

मी, झुंबर तात्याबा वाघमोडे, उमर बावीसच्या आसपास, शिक्षण मराठी तिसरी पुरी व चौथी अर्धी, धंदा मिळेल तो, मुक्काम सध्या शेळगाव, तालुका इंदापूर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, आज काही घेतलेलं नाही आणि मला कोणी धमकावलेलं नाही. उलट मी फार खुशीत आहे. अक्षर हलतं आहे ते त्यामुळे. त्यावरून कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका काढू नये.

कारण सांगणं जरूर आहे. आबाजींच्या मळ्यात विहीर खोदायचं काम चालू आहे. खाली काळा पाषाण लागला, म्हणून सुरुंग लावतात. वात पेटवायचं काम माझं. वात पेटली की मी पाटीत बसून हाक देतो, आणि वर गेणबा यारीचा दांडा फिरवून दोर गुंडाळतो, म्हणजे मी वर येतो. मी कसबी, म्हणून मला पुरा रोज. गेणबा बिगारी, म्हणून त्याला निम्मा. मी स्वतः कालव्यावर, गुऱ्हाळावर, बारामतीच्या पुलावर सगळीकडे बिगारीच होतो, त्यामुळे कसबी म्हणवून घ्यायला पहिल्यांदा फार गोड वाटलं. पण पाटीतून वर येताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो. खाली वात फुरफुरत असली तर जास्तच.

परवा मी रावजी मुकादमांना सगळ्यांदेखत विचारलं, “माझा जीव गेणबाच्या हातात, मग त्याचा रोज निम्मा का?”

मुकादम म्हणाले, “वात लावायला कसब लागतं. दांडा फिरवायला काय, बैल बी चालतोय.”

गेणबा हाताला फडकं गुंडाळत राहिला. पण दगडाच्या पाट्या वाहणारी शकुबाई गप्प बसणारी नव्हे. “मग बैल कशाला हुडकायचा, मुकादम? तुमीच हायसा की.”

कोणाला हसू आवरेना. त्या हसण्यात मी बोलून गेलो, “मंगळवारी वात मी लावतो, दांड्यावर तुमी. नीट वर आलो तर गेणबाचा विषय परत काढणार न्हाय.”

“आन् न्हाय आलास तर?”

“तर त्याला पुरा रोज द्या.”

मुकादमांनी मिशीवर हात फिरवला आणि व्हय म्हणाले. वाटेत गेणबा म्हणाला, “झुंबरा, माझ्या रोजासाठी तुला मराया कुणी सांगितलं व्हतं? आता कागद तरी करून ठेव.”

कलम एक. पितळी डबा, त्यात असेल ते आणि घोंगडी माझी बहीण सरुबाई, दिलेली निरवांगीस, हिला. तिने रडू नये. रडलीच तर दाजींसमोर नको, ते म्हणतील मी आधीच सांगितलं होतं.

कलम दोन. सायकल. पुढचं चाक माझ्याजवळ आहे, बाकीची बारामतीत दुरुस्तीला आहे. दोन्ही एका जागी आणील त्याची.

कलम तीन. गुऱ्हाळमालक मोहनराव. त्यांच्या चुलवाणात मी दोन हंगाम चिपाडं सारली. आच वाढली तर गूळ काळा पडायचा, कमी झाली तर बसायचा नाही, दोन्ही वेळा शिव्या मला. गूळ पिवळाधमक उतरला की नाव गुळव्याचं. गुळव्या माणूस चांगला होता, कोमट काकवी द्यायचा, आणि काकवीशी बाजरीची भाकरी म्हणजे... असो. मोहनरावांना माझ्या दंडावरचा भाजल्याचा डाग ठेवतो. तलाठी म्हणतात, डाग वारसाने जात नाही. मग त्यांच्या शिव्या त्यांना परत.

कलम चार, आणि हेच मुख्य. विहिरीत अर्ध्यावर एक दगड पुढे आलेला आहे. तिथे गेणबा दोर सैल सोडतो, मी पायाने पाटी बाजूला रेटतो, मग तो पुन्हा ओढतो. वरून त्याला तो दगड दिसत नाही, हाताला कळतो. हे कसब नसेल तर माझ्या नावापुढचा कसबी शब्दही काढून टाकावा. माझा उद्याचा रोज गेणबाला द्यावा. मी जिवंत वर आलो तरी हे कलम चालू ठेवावं.

हे सर्व राजीखुशीने लिहिलं. मुक्काम शेळगाव, तारीख ९ एप्रिल १९५६.

सही: झुंबर तात्याबा वाघमोडे

साक्षीदार पहिली: शकुबाई, डावा अंगठा. (म्हणाली, “माझ्या अंगठ्यानं अजून कुणी मेलं न्हाय.”)

साक्षीदार दुसरा: मिळत नाही. अप्पा अभद्र कागदाला हात लावत नाहीत, आणि ज्याला काही मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून गेणबा शेजारी बसलेला असून उपयोग नाही.

कागदाची घडी घालत होतो तो परत उघडला, कारण रावजी मुकादम आले आहेत. एकटे, पायी, उजव्या हाताला हळदीचं फडकं. माझ्याकडे न बघता ते गेणबासमोर बसले.

“दुपारी पाटीत धोंडं भरून वढून बघितलं. त्या मधल्या दगडाला अडकली. मी जोर केला, तर दांडा उलटा फिरला. पाटीचा भुगा झाला, गेणबा.”

गेणबाने त्यांचा हात उलटा करून पाहिला. “तितं वढायचं नसतं, मुकादम. तितं सोडायचं असतं.”

“उद्या दांड्यावर तूच थांब.”

“थांबतो. बैलाच्या रोजावर न्हाय.”

मुकादमांनी हाताचं फडकं आवळलं. “पुऱ्या रोजावर. उद्यापासनं रोजच. झुंबरा, हे बी लिही त्यात. साक्ष मी करतो.”

लिहिलं. त्यांच्या हातात टाक ठरेना, तेव्हा शकुबाईने शाई पुढे केली.

साक्षीदार दुसरा: रावजी मुकादम. सही येते, पण आज डावा अंगठा.