बाबांची बोट

प्रिय रेणू,

क्रूझ बे गावातल्या लाँड्रीत बसून लिहितेय. कपडे धुऊन वाळेपर्यंत तास-सव्वा तास हातात आहे. बाबा बाहेर बाकावर बसलेत. इथून हलू नका म्हणून सांगितलंय, आणि दर दोन ओळींनी मी मान वर करून खिडकीतून बघते.

दिवाळीपासून तू माझ्याशी बोलली नाहीस, त्याला सहा महिने होतील. पण मी पाठवलेले फोटो तू बघतेस, निळ्या खुणा दिसतात मला. त्या फोटोंत खोटं काही नाही. कॅरिबियनमधल्या या सेंट जॉन बेटाचं पाणी खरंच तसं हिरवं आहे, आणि सकाळी बोटीलगत कासवं वर येतात तीही खरी. आपल्या नेपरव्हिलमध्ये लोक अजून जॅकेट घालून फिरत असतील आणि मी इथे सुती गाऊनवर चहा करते. छत्तीस फुटांच्या बोटीत घर करून राहायची सवय झालीय. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळायची, मग टाकीतलं वाटीभर पाणी वरून फिरवायचं. आंघोळ दोन बाटल्यांत. कांदे-बटाटे जाळीत टांगलेले, कापलेल्या बाटलीत कोथिंबीर लावलीय तिला रोज चार पानं येतात. दुपारी अचानक सर आली की धावत जाऊन झडपा लावायच्या, पाच मिनिटांनी परत उघडायच्या. संध्याकाळी बाबा डेकवर बसून रेडिओवरचं हवामान ऐकतात आणि वहीत तारीख, वारा, आम्ही कुठे आहोत ते लिहितात.

ती वही मी फेब्रुवारीत पहिल्यांदा नीट वाचली. सलग चार पानांवर एकच तारीख होती. मजकूर जवळजवळ तोच, अक्षर मात्र दर पानाला थोडं अजून वाकडं. मी वही होती तशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून चहा देताना सहज म्हटल्यासारखं म्हणायला लागले, आज मंगळवार ना, अकरा तारीख. बोटीत सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवल्या: गॅस बंद, नळ बंद, बॅटरीचं बटण हे. या चिठ्ठ्या कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझ्यासाठी, मला तुमच्या बोटीतलं काही लक्षात राहत नाही. ते हसले आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

आता जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नाही. गेल्या दिवाळीत तू कुशला घेऊन आली होतीस. बाबांनी आपल्याच नातवाला तासाभरात चार वेळा विचारलं, तू कितवीत आहेस, आणि तुम्हाला आणायला ते भलत्याच स्टेशनवर जाऊन थांबले होते. तू मला किचनमध्ये बाजूला घेऊन म्हणालीस, आई, यांना न्यूरॉलॉजिस्टकडे ने, मी अपॉइंटमेंट घेते. आणि मी तुझ्यावर ओरडले. बापाला वेडा ठरवायला आलीस का, म्हणाले. कुशसमोर. तू दुसऱ्याच दिवशी तुझ्या घरी वेस्ट विंडसरला परत गेलीस.

रेणू, आम्ही ऑगस्टमध्येच न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो होतो. तू बोलत होतीस तेव्हा स्मृतिभ्रंशाचं निदान लिहिलेला तो रिपोर्ट माझ्या मागच्या ड्रॉवरमध्ये, टेबलक्लॉथखाली होता. डॉक्टरांकडून येताना बाबांनी गाडी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये थांबवली आणि म्हणाले, "आसा, मला एक हिवाळा समुद्रावर दे. त्यानंतर तुम्ही म्हणाल तिथे राहीन. रेणूला मात्र सांगू नकोस, ती जाऊ देणार नाही." मी हो म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऑफिसात मान मोडून काम केलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. मला वाटलं, एक हिवाळा मी सांभाळून घेईन.

आता त्यांना तो रिपोर्टच आठवत नाही. मध्ये एकदा मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, कोण डॉक्टर? हिवाळा संपला की परत जायचं ठरलं होतं, हेही गेलं. आम्ही दोघांनी मिळून ठेवलेलं गुपित होतं, ते आता मी एकटीच सांभाळतेय, आणि ज्यांच्यासाठी सांभाळतेय त्यांच्यापासूनच लपवायचं आहे.

मागच्या रविवारी आम्ही माहो बेमध्ये होतो. तिथे नांगर टाकत नाहीत, नॅशनल पार्कने पाण्यावर तरंगत ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्याला, बोयाला, बोट बांधतात. अकरा वाजता मी मास्क लावून पाण्यात उतरले. बाबा डेकवर संत्रं सोलत होते. मी येतेच म्हटलं, त्यांनी हात केला. पाण्याखाली असताना इंजिनचा आवाज आला. डोकं वर काढलं तर बोयाला दोर नव्हता आणि आपली बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली होती. मी हाका मारल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती, ताठ, सुकाणू धरलेल्या तरुण मुलासारखी. मला पोहता येतं ते ब्लॅक ओक वायएमसीएच्या पोहण्याच्या तलावापुरतंच, तुला माहितीय. तोंडात पाणी जायला लागलं तेव्हा मी हाका बंद केल्या आणि नुसती पाठीवर पडून राहिले. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते, कारण आता लपवून काय करू. बरं झालं, असं वाटलं. आता यापुढे मला लक्ष ठेवायला नको.

शेजारच्या बोटीवरच्या एका बाईने मला पाहिलं. तिने तिच्या छोट्या होडीत, डिंगीत, ओढून घेतलं आणि आम्ही बाबांच्या मागे गेलो. त्यांनी मला ओल्या कपड्यांत बघितलं आणि चिडून म्हणाले, "होतीस कुठे? मी कधीचा तुला शोधतोय." ते खरंच मला शोधायला निघाले होते, रेणू. मी त्या बाईला सांगितलं, आमचा बोलण्यात घोटाळा झाला. तिने माझ्या हातावर तिचा नंबर पेनाने लिहिला.

शुक्रवारी त्यांना सेंट क्रॉय बेटावर जायचंय. तो चाळीस मैल उघडा समुद्र आहे, मध्ये एक बेट नाही. मी परोपरीने समजावलं, ते ऐकत नाहीत. म्हणून परवा, ते झोपले असताना, मी इंजिनच्या स्टार्टरचा फ्यूज काढून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला. इंजिन चालू झालं नाही तर आधी फ्यूज बघायचा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दोन दिवस ते इंजिनसमोर मांडी घालून बसलेत. इंजिन खोलायचे सगळे पाने ओळीने मांडतात, एक उचलतात, परत ठेवतात. त्यांना फ्यूज आठवत नाही. काल म्हणाले, "आसा, माझ्याकडून आता काही होत नाही गं," आणि मी शेजारी उभी राहून, होईल, होईल म्हणत राहिले.

फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मला एक शब्द बोलता येणार नाही, आणि बोटीवर ते सगळं ऐकतात. या पानांचे फोटो लाँड्रीच्या वायफायवरून पाठवतेय. मी त्यांना परत चला म्हणू शकत नाही. मी म्हटलं तर ते आजारी ठरतात. पण तू दहा वर्षांची असल्यापासून मिशिगन लेकवर त्यांनी सुकाणू दिलं ते फक्त तुला. तू ये. गुरुवारपर्यंत ये. त्यांना म्हण, बाबा, मला ही बोट सेंट थॉमसपर्यंत न्यायचीय, तुम्ही बाजूला बसून बघा. तू मागितलंस तर ते देतील. आणि मग तिथून विमानाने आम्हाला घरी ने.

तुझीच,
तुझ्यावर ओरडल्याची लाज वाटणारी,
आई